घार खाली उतरत नाही

घार एकदा वर चढली की दिवस मावळेपर्यंत खाली उतरत नाही, हे त्या साइटवर सगळ्यांना तोंडपाठ होतं. नव्या माणसाला गेटवर हेल्मेट देतानाच ही माहिती पुरवली जायची. घार म्हणजे टॉवर क्रेन चालवणारी बाई. तिला खरं नाव होतं, हजेरीच्या वेळी ते पुकारलंही जायचं, पण तेवढ्यापुरतंच. एरवी ती घार. उंचावर काचेच्या डब्यात बसून खालच्यांवर नजर ठेवणारी आणि कोणी चुकलं की झडप घालणारी. नाव ठेवणाऱ्यानं चेष्टेनं ठेवलं होतं, पण ती ते अंगावर दागिना घातल्यासारखं मिरवायची.

साइटवर आणखी दोन क्रेन होत्या. त्यांच्यावरचे पुरुष जेवायला उतरायचे, चहाला उतरायचे, आणि अधेमधे अडचण आलीच तर केबिनच्या कोपऱ्यात एक रिकामी बाटली ठेवलेली असायची. त्या धंद्यात ही बाटली काही नवी नाही. तिच्याबद्दल बोलत कोणी नाही आणि ठाऊक सगळ्यांना असते. घारीला त्या बाटलीचा काही उपयोग नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या आठवड्यात ती रीतसर उतरली होती. आधी ती लांबलचक शिडी, मग साइटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाणं. तिथे पत्र्याच्या संडासांची रांग, आणि त्यातल्या एकाच दाराला आतून कडी, तीही हातानं धरून ठेवावी लागे. बाहेर दोन-चार जण कायम सिगारेट ओढत उभे. ती आत गेली की त्यांचं बोलणं थांबायचं आणि बाहेर आली की पुन्हा सुरू व्हायचं. एकदा ती अशीच परत आली, तर शिडीखाली साइट इंजिनिअर कमरेवर हात ठेवून उभा. त्याला सगळे साहेब म्हणत.

"मॅडम, क्रेन थांबली की अख्खी साइट थांबते," साहेब म्हणाला. "बाईमाणसाला हे झेपेल का, असं वरचे विचारत होते. मी तुमच्यासाठी शब्द टाकलाय. तेवढं लक्षात ठेवा."

आजूबाजूचे हसले. खो खो नव्हे, नुसतं फिस्सकन. पण ते हसणं घारीच्या कानात जाऊन बसलं ते बसलंच. दुसऱ्या दिवसापासून तिनं पाणी तोडलं.

सकाळी अर्धा कप चहा, झालं. पाण्याची बाटली ती वर न्यायची, पण ती लोकांना दाखवायला. संध्याकाळी ती तशीच भरलेली खाली यायची. फारच घसा सुकला तर एक गुळणी तोंडात घोळवून ती खिडकीबाहेर थुंकायची. डब्यातलं जेवण ती दोन खेपांच्या मधे एकेक घास करून संपवायची. त्यामुळे तिची क्रेन जेवणाच्या सुट्टीतही चालू असायची. खाली स्लॅबखाली फळ्या ठोकणाऱ्या सेंट्रिंगवाल्यांच्या दोन टोळ्या आळीपाळीनं जेवायच्या, मधे काम थांबायचं नाही, आणि साहेब खूश.

शरीर बिचारं सुरुवातीला बोंबलतं. मग गप्प बसतं, आणि आपण म्हणतो, सवय झाली. सवय कसली डोंबलाची! आपल्यापुढे बोलण्यात अर्थ नाही हे त्याला कळलेलं असतं, एवढंच. दुपार कलली की घारीच्या कपाळात ठणके सुरू व्हायचे. जीभ टाळूला चिकटायची. ओठ फाटायचे, त्यांना ती मलम फासायची. घरी बाथरूममध्ये गेली की जीव जाईल इतकी जळजळ व्हायची आणि लघवीचा तो कोऱ्या चहासारखा रंग बघून ती घाईघाईनं वर पाणी ओतायची, कोणी बघत असल्यासारखी. झोपेत पोटऱ्यांत गोळे यायचे. आणि चिडचिड तर विचारूच नका. घरात तिची आई आणि ती, दोघीच. चमचा खाली पडला तरी ती आईवर खेकसायची.

"अगं, तोंड बघ कसं सुकलंय," आई म्हणायची. "दिवसभर पाणी पितेस की नाही?"

"मी तिथे सहलीला जात नाही, आई."

आई तिच्या उशाशी तांब्या भरून ठेवायची. घार तो सकाळी जाताना झाडाच्या कुंडीत ओतायची. झाड मस्त वाढलं होतं.

तर अशी ही कीर्ती. साहेब दुसऱ्या दोन क्रेनवाल्यांना टोमणे मारायचा, "एक बाई दिवसभर बसते, आणि तुम्हाला दर तासाला काय होतं रे?" त्या दोघांनी घारीशी बोलणंच सोडलं होतं. तिला त्याचं काही नव्हतं. उलट बरं वाटायचं.

आता मामा. मामा म्हणजे तिच्या क्रेनचा सिग्नलवाला. वरून सगळं दिसतं असं खालच्यांना वाटतं, पण तसं नसतं. भिंतीआड, खांबाआड, परांचीच्या मागे कोण आहे ते वरून कळत नाही. ते सांगायला खाली एक माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा असतो. डावीकडे, उजवीकडे, थांब, सोड. क्रेनवाल्याचे डोळे म्हणजे तो. दोघांचा चॅनल वेगळा असतो, त्यात तिसरं कोणी नसतं. आणि नियम एकच: क्रेन चालू आहे तोवर सिग्नलवाल्यानं जागा सोडायची नाही. क्रेनवाला विश्रांतीला उतरला की तोही सुटला. पूर्वी त्या क्रेनला दोन सिग्नलवाले होते, आळीपाळीनं उभे राहायचे. एक जण काम सोडून गेला आणि त्याच्या जागी कोणाला घेतलं नाही, कारण काही अडत नव्हतं. मामा होते ना.

वाचणाऱ्याच्या लक्षात एव्हाना जे आलं असेल, ते घारीच्या कधीच लक्षात आलं नाही. ती मठ्ठ नव्हती. पण जो माणूस आपल्याच तहानेचं कौतुक करत बसलेला असतो, त्याला दुसऱ्याची तहान दिसत नाही.

मामा पन्नाशी ओलांडलेले, अंगानं काटकुळे, गळ्यात कायम एक ओला रुमाल. ती नवी होती. तेव्हा मामांनीच तिला सांभाळून घेतलं होतं. "घाबरू नको पोरी, मी आहे खाली. हळू सोड. अजून. अजून. शाब्बास." तिची पहिली खेप स्लॅबवर अलगद टेकली तेव्हा त्यांनी खालून दोन्ही हात वर केले होते. दिवसभर काही ना काही चालू असायचं त्यांचं. "पोरी, वर वारा आहे का गं? असला तर पाठव थोडा खाली, हूकला बांधून." ती हसायची. पुढे पुढे हसेनाशी झाली. दुपारच्या ठणक्यात कोणाच्या गप्पा गोड लागतात?

उन्हाळा चढला तसे मामाही बदलले. गप्पा बंद झाल्या. तिनं विचारलं तर उत्तर उशिरा यायचं. कधी उजवीकडे म्हणायचं तिथे डावीकडे म्हणायचे, मग लगेच "नाही नाही, उजवीकडे." कधी तीच गोष्ट दोनदा सांगायचे. कधी नुसताच श्वास ऐकू यायचा.

"मामा, झोपलात का?"

"नाही पोरी. आहे, आहे."

"मग तोंड उघडा ना! मी काय अंदाजानं सोडू?"

वडिलांच्या वयाच्या माणसाशी ती अशी बोलायला लागली होती, आणि बोलून झाल्यावर तिला काही वाटायचंही नाही. एकदा सळयांचा भारा खाली येत असताना मामा "थांब" म्हणायच्या ऐवजी "सोड" म्हणाले. भारा परांचीला घासून गेला. वर उभे असलेले दोघं वेळेवर बाजूला झाले म्हणून निभावलं. घारीनं भारा कसाबसा टेकवला. तिनं तिथेच केबिनमध्ये बसून साहेबाला फोन लावला.

"साहेब, मामांचं आता वय झालंय. त्यांना कळत नाही मी काय विचारते ते. आज दोन माणसं गेली असती. मला दुसरा माणूस द्या."

"जुना माणूस आहे, मॅडम."

"जुना आहे म्हणूनच सांगते. त्यांचं डोकं चालत नाही आता. कोणी मेल्यावर बदलणार आहात का?"

साहेब म्हणाला, बघतो, पुढच्या सोमवारपासून करतो काहीतरी. "सोमवारपासून नक्की ना?" तिनं पुन्हा विचारून घेतलं. फोन ठेवल्यावर घारीला हलकं वाटलं. आपण बरोबर केलं, सगळ्यांच्या भल्याचं केलं, असं तिनं स्वतःला सांगितलं. हे असं स्वतःला सांगावं लागतं तेव्हाच खरं तर थांबायला हवं.

त्यानंतरचे दोन दिवस मामा एकदम तरतरीत. विचारायच्या आत उत्तर. "उजवीकडे. हो. थांब. सोड." आवाज घोगरा, पण चूक एक नाही. घारीला वाटलं, साहेबानं चांगली कानउघाडणी केलेली दिसते. म्हणजे माणसाला जमतं, नुसता आळस होता. तिला थोडा रागही आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी हूकला अडकवलेला विटांचा पाळणा हवेत होता.

"मामा, कुठे टेकवू?"

उत्तर नाही.

"मामा!"

नुसती खरखर.

"अहो मामा, आता काय झालं? परत झोपलात?"

तिनं पुढे वाकून काचेतून खाली पाहिलं. खांबाच्या पलीकडे पिवळं हेल्मेट पडलेलं दिसलं. हेल्मेटपासून थोडं दूर मामा पडलेले होते, एका कुशीवर, एक हात अंगाखाली. ऊन सरळ त्यांच्यावर येत होतं. आसपास कोणी नव्हतं. तिनं वॉकीटॉकीत ओरडून काही फायदा नव्हता, कारण त्या चॅनलवर ऐकणारा एकच माणूस होता आणि तो खाली पडला होता. फोन लावत बसायला वेळ नव्हता, तिनं क्रेनचा भोंगा दाबून धरला. माणसं इकडेतिकडे बघायला लागली, मग वर बघायला लागली. ती काचेवर हात आपटून खाली दाखवत होती. शेवटी एका सेंट्रिंगवाल्याला दिसलं आणि तो धावला.

घारीला उतरता येईना. हूकला विटा लटकत होत्या आणि खाली माणसं जमली होती. दुसऱ्या क्रेनचा सिग्नलवाला येऊन वॉकीटॉकी उचलेपर्यंत तिला तो पाळणा तसाच हवेत धरून बसावं लागलं. वरून तिनं सगळं पाहिलं. मामांच्या शर्टाची बटणं कोणी काढली, तोंडावर पाणी कोणी मारलं, त्यांची मान कशी मागे पडली, आणि चौघांनी उचलून त्यांना गाडीत कसं ठेवलं. एवढ्या उंचीवरून तिला त्यांच्या पायातला एकच बूट दिसत होता.

विटा टेकल्यावर ती दिवसाढवळ्या, भर कामात खाली उतरली. अर्ध्या शिडीवर तिच्या पोटरीत असा गोळा आला की ती गजाला मिठी मारून लटकून राहिली आणि आईगं, आईगं म्हणत रडली. खाली कोणी वर बघत नव्हतं म्हणून बरं.

इस्पितळात मामींच्या शेजारी ती बाकावर बसली. मामींना ती आधी एकदाच भेटली होती. डॉक्टर तरुण बाई होती. बाहेर येऊन तिनं मामींना विचारलं, "दिवसभरात पाणी किती पितात? लघवी शेवटची कधी झाली असेल?"

मामी गोंधळल्या. "घरी आले की पितात. पण सकाळी अजिबात घेत नाहीत. चहासुद्धा नको म्हणतात."

"का?"

"त्यांना सारखं जावं लागतं हो. वय झालं की होतं ना पुरुषांना तसं. आणि कामावर जागा सोडता येत नाही. मी म्हणायचे, सांगा की कोणाला तरी. तर म्हणायचे, घार उतरल्याशिवाय मला कसं हलता येईल? आणि ती उतरत नाही. बाईमाणसाला वॉकीटॉकीवर कसं सांगू, मला लघवीला जायचंय म्हणून?" मामींनी घारीकडे पाहिलं. त्या नजरेत रागाचा लवलेश नव्हता. "फार कौतुक आहे त्यांना तुमचं, ताई. आमच्या घारीसारखं कोणी नाही म्हणतात."

घारीला बाकाखाली तोंड लपवावंसं वाटलं. तिचे कान तापले. हातांचं काय करावं ते तिला कळेना, म्हणून ती त्यांच्यावर बसली.

डॉक्टर समजावून सांगत होती. शरीरातलं पाणी फार कमी झालं होतं. त्यात उन्हात घाम. रक्त घट्ट होतं, दाब उतरतो, मूत्रपिंडांना पुरेसं रक्त मिळत नाही आणि ती हळूहळू काम टाकतात. "डोक्यावरही परिणाम होतो. माणूस गोंधळतो, शब्द चुकतात, उत्तर द्यायला वेळ लागतो. घरच्यांना वाटतं वय झालं, भ्रम झाला. खरं तर तो नुसता कोरडा पडलेला असतो." मूत्रपिंडं पूर्ववत होतील का, हे काही दिवसांनी कळेल, असं ती म्हणाली. मग जाता जाता ती घारीसमोर थांबली. "तुमचे ओठ बघा जरा. डोकं दुखतं का? तुम्ही आज पाणी किती प्यायलात?"

"भरपूर," घार म्हणाली.

खोटं इतकं सहज निघालं की तिचं तिलाच दचकायला झालं. डॉक्टरनं एक क्षण तिच्याकडे पाहिलं आणि ती पुढे गेली. डोकं चालत नाही आता, हे आपलेच शब्द घारीला आठवले. उजवीकडच्या जागी डावीकडे. तीच गोष्ट दोनदा. लक्षणं एकेक करून सगळी तिथे होती, आणि ती एकेक करून त्यांच्यावर खेकसली होती. तिनंच त्यांना उन्हात उभं करून ठेवलं आणि वर त्यांचं वय काढलं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबाच्या ऑफिसात गेली. कंटेनरमधलं ऑफिस, पंखा, टेबलावर नकाशे.

"साहेब, मामांबद्दल मी जे बोलले ते मागे घेते."

"आता कुठे मागे घेता, मॅडम? सोमवारी नवा माणूस येतोय. आणि तुमचं खरंच निघालं की. बघा, कोसळलाच तो."

"माझं खरं नाही निघालं." ती टेबलाजवळ आली. "मी दिवसभर पाणी पीत नाही. कारण पाणी प्यायलं की लघवीला उतरावं लागतं आणि उतरले की सगळे हसतात. मी उतरत नाही म्हणून मामांना जागा सोडता आली नाही. म्हणून तेही पाणी पीत नव्हते. त्यांचं डोकं त्यामुळे चालेना. वयामुळे नाही."

लघवी हा शब्द त्या कंटेनरमध्ये तसाच पडून राहिला. साहेब नकाशाची गुंडाळी करायला लागला, मग ती उलगडायला लागला.

"हे आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "आम्हाला कसं कळणार?"

कसं कळणार म्हणे! दिवसभर माणूस वर बसलंय, हे दिसत होतं तेव्हा टाळ्या वाजवायला बरं कळत होतं. पण घार हे त्याला बोलली नाही. बोलायचा अधिकार आपल्याला उरलाय असं तिला वाटत नव्हतं. तिनं एवढंच सांगितलं की ती आता दिवसातून तीन-चारदा उतरणार, क्रेनला पुन्हा दोन सिग्नलवाले हवेत, आणि मामांची नोकरी जाता कामा नये. साहेब पहिल्या दोन गोष्टींना हो म्हणाला. मामांचं, बघू, बरे झाले तर स्टोअरमध्ये बसवू, म्हणाला.

सोमवारी नव्या सिग्नलवाल्याला तिनं वरून सांगितलं, "पाळणा टेकवते. मग मी खाली येतेय. मला लघवीला जायचंय."

"हो... ओके... म्हणजे... या ना मॅडम," तो गडबडून म्हणाला.

पत्र्याच्या रांगेबाहेर सिगारेटवाले होतेच. त्यांचं बोलणं थांबलं. घारीची मान खाली गेली नाही असं काही मी सांगणार नाही. चांगली खाली गेली. पण ती गेली आणि आली, आणि येताना टाकीवर थांबून दोन ग्लास पाणी प्यायली. इतक्या दिवसांनी पोटात गेलेलं पाणी तिला बोचलं. साहेबानं दाराला नवी कडी लावून घेतली होती. खाली कोणीतरी म्हणालं, घार उतरायला लागली. दुसरा म्हणाला, बरं झालं.

मामा घरी आल्याचं कळलं तेव्हा मात्र तिचे पाय अडले. मूत्रपिंडं पुष्कळशी सावरली होती, पण पूर्वीसारखी नाही, आणि उन्हातलं काम कायमचं बंद. ती रोज ठरवायची आणि रोज काहीतरी निघायचं. शेवटी आईच म्हणाली, "कधीची जाते जाते म्हणतेस. कोणाला घाबरतेस?" तेव्हा ती गेली.

खोली लहान, खिडकीला पडदा, खाटेवर मामा. गाल आत गेले होते. खाटेशेजारी स्टुलावर पाण्याचा जग.

"ये पोरी, ये! बघ, तुझी मामी मला मोजून मोजून पाणी पाजते. हिशेबात चूक झाली तर जेवण नाही." त्यांनी डोळे मिचकावले. "आता जायचंच असतं मला सारखं, आणि अडवायला कोणी नाही. ऐश आहे."

मामी हसत आत गेल्या. घार खाटेच्या कडेला बसली. येताना तिनं मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"मामा, साहेबाकडे तुमची तक्रार मी केली होती. तुम्हाला काढा म्हणून. तुमचं डोकं चालत नाही म्हणाले मी."

मामांनी स्टुलावरचा जग थोडा आत सरकवला.

"माहीत आहे," ते म्हणाले.

"साहेबानं सांगितलं?"

"साहेब कशाला सांगतोय. तू फोनवर बोलत होतीस तेव्हा तुझा वॉकीटॉकी कशाखाली तरी दबला असणार. बटण दाबलेलंच राहिलं होतं. सगळं ऐकू येत होतं मला." ते हळू बोलत होते, आतपर्यंत जाऊ नये म्हणून. "खोटं नव्हतीस बोलत. ती पोरं मेली असती त्या दिवशी. मलाही वाटलं, म्हातारा झालो आपण. पण सोमवारपर्यंत दिवस होते हातात. म्हटलं, तेवढ्यात नीट करून दाखवू, कदाचित ठेवतील. मधेच जावं लागून लक्ष उडू नये म्हणून घरी आल्यावर प्यायचो तेसुद्धा बंद केलं. आणि नीट केलं की नाही? दोन दिवस एक तरी चूक झाली?"

"नाही," घार म्हणाली. "एकही नाही."

"बघ." मामांना खरोखरच बरं वाटलेलं दिसलं. मग ते तिच्याकडे झुकले. "मामीला नको सांगू हं हे. ती तुझं फार गुणगान करते. तू भोंगा वाजवलास म्हणून मी वाचलो, असं शेजारीपाजारी सांगत सुटलीय. राहू दे तसंच."

घार मानेनं हो म्हणणार होती. किती सोपं होतं ते. मामांनीच सांगितलं होतं, मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा कसा, आणि हेही लाज वाचवायला तयार झालेलं एक कारणच होतं, तिच्या नेहमीच्या कारणांसारखं. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. कप तिच्या हातात देताना त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही नसतात तर..."

"मामी," घार म्हणाली, "तुम्ही जरा बसा."

मामांनी जोरजोरात मान हलवली. घारीनं तिकडे पाहिलं नाही. तिनं सगळं सांगितलं. पाणी का तोडलं ते, मामांवर कशी ओरडायची ते, फोनवर काय बोलली ते, आणि ते ऐकून मामांनी काय केलं ते. मधे एकदाही रडली नाही, कारण रडली असती तर मामींनी तिला जवळ घेतलं असतं, आणि ते तिला नको होतं.

मामी ऐकून घेत होत्या. त्यांचं तोंड हळूहळू मिटत गेलं. सांगून संपल्यावर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे त्या दोन दिवसांत घरी येऊनसुद्धा तुम्ही माझ्याकडे पाणी मागितलं नाहीत ते यासाठी?"

मामा खाटेवरची चादर सारखी करायला लागले.

मामींनी घारीच्या हातातला कप घेतला. अर्धा चहा तसाच होता. तो त्यांनी स्टुलावर, जगाशेजारी ठेवला.

"आता तुम्ही जा, ताई," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पुन्हा या. या नक्की. पण आज जा."

घार उठली. दारात तिनं चपला घातल्या, पट्टा लागत नव्हता तरी तशीच निघाली, आणि जिना उतरून खाली रस्त्यावर येईपर्यंत तिनं मागे वळून पाहिलं नाही.